चाकूची परीक्षा

बाजारात चाकू विकत घेताना माणूस काय पाहतो? पाते चकचकीत आहे ना, मूठ सुबक आहे ना, एवढे तो पाहतो. दुकानदार कागदाचा एक कपटा पात्यावर धरतो, त्याचे सर्रकन दोन तुकडे करून दाखवतो, आणि गिऱ्हाइकाचे समाधान होते. पण कागद कापण्यासाठी म्हणून चाकू कोण घेतो? नव्या चाकूला धार असावयाचीच. ती कारखान्यातच लावून दिलेली असते. दिवसभर काम केल्यावर तिच्यातील किती शिल्लक उरते, हात ओला असता मूठ निसटते की काय, पाते अवचित मिटून बोटांवर येते की काय, या प्रश्नांची उत्तरे दुकानाच्या फळीवर मिळत नाहीत. त्यासाठी चाकू खिशात घालून एक दिवस रानावनातून हिंडावे लागते.

महागड्या चाकूची अशी परीक्षा सहसा होतच नाही. त्याचा धनी त्याला मखमलीच्या पेटीत जपून ठेवतो आणि पाहुण्यांना दाखवतो. स्वस्त चाकूच्या नशिबी मात्र रोजचेच काम असते. म्हणून परीक्षेला बसवावयाचा तर तोच बसवावा. आणि असा एखादा चाकू निवडावयाचा तर फ्रान्समधील ओपिनेलचा चाकू निवडण्यासारखा आहे. एखाद्या साध्या खाणावळीतील एका जेवणाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तो तेथे मिळतो.

फ्रान्सच्या आग्नेयेस, आल्प्स पर्वताच्या कुशीत, साव्हॉय नावाचा प्रदेश आहे. 1860 साली तो फ्रान्समध्ये सामील झाला. त्या प्रदेशात आर्क नदीने कोरलेले मोरियेनचे खोरे आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ साचते. उन्हाळा आला की गुराखी गाई घेऊन उंचावरच्या कुरणांत जातात आणि तेथेच चीजचे मोठमोठे गोल गड्डे तयार करतात. या खोऱ्यातील सँ-जाँ-द-मोरियेन या गावाजवळच्या झव्हूदा नावाच्या वाडीत ओपिनेल कुटुंबाचा लोहारी कारखाना होता. कुऱ्हाडी, कोयते आणि बागकामाची धारदार हत्यारे तेथे घडत असत. 1872 साली जन्मलेला जोसेफ अठराव्या वर्षी आपल्या वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. हत्यार हातानेच घडवावे, अशी वडिलांची श्रद्धा. मुलाला मात्र नव्या यंत्रांचे विलक्षण वेड. त्याने स्वतःच्या हाताने छायाचित्रे काढण्याचे यंत्र बनवले होते आणि लग्नसमारंभात तो लोकांची छायाचित्रे काढीत असे. असा हा मुलगा फावल्या वेळी मित्रांसाठी खिशात मावणारा एक लहानसा चाकू करू लागला. ते साल होते 1890. वडिलांना हा उद्योग विशेष रुचला नाही. मित्रांना मात्र चाकू फार आवडला.

1897 साली जोसेफने त्या चाकूचे लहानमोठे बारा प्रकार केले आणि त्यांना एक ते बारा असे नंबर दिले. एक नंबरचे पाते दोन सेंटिमीटरांचे, तर बारा नंबरचे बारा सेंटिमीटरांचे. पुढे एक आणि अकरा हे नंबर बंद झाले. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरांचे असते. मोठ्या माणसाच्या मुठीत तो नेमका बसतो, आणि सर्वांत अधिक ओळखीचा तोच आहे. त्याच्या पात्यावर वर मुकुट आणि खाली दोन बोटे उंचावलेला हात अशी मुद्रा असते. 1909 साली जोसेफने ती नोंदवून घेतली. हात हा सँ-जाँ-द-मोरियेनच्या नगरचिन्हातला, आणि मुकुट साव्हॉयच्या जुन्या सरदार घराण्याचा.

या चाकूत पाहण्यासारखे काही नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. लोखंडाचे पाते, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, दोहोंना जोडणारा आरपार खिळा, मुठीच्या तोंडाशी घट्ट बसवलेली धातूची पट्टी आणि तिच्यावर फिरणारे एक कडे. एवढे पाच तुकडे एकत्र आले की चाकू झाला. त्यात स्क्रू नाही, कमान नाही, कळ दाबताच फटकन उघडण्याची करामत नाही. लाकडात एक लांबट खाच आहे. पाते मिटले म्हणजे तीत जाऊन निजते. उघडताना पात्याच्या कडेवरील बारीक खोबणीत नख अडकवून ते ओढावयाचे. कित्येकांना हा साधेपणा दारिद्र्यासारखा भासेल. पण मोडण्यासारखे काही त्यात मुळी नाहीच, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

आता हा चाकू घेऊन त्याच्याच डोंगरात जाऊ या.

सकाळी वाटेच्या कडेला हेझल नावाच्या झुडपाच्या सरळ, लवचीक फांद्या आढळतात. त्यांतली एखादी अंगठ्याएवढी जाड, वाऱ्याने मोडून पडलेली फांदी घ्यावी आणि बसून तासावी. बसून हे महत्त्वाचे. चालताना किंवा उभ्याने तासणाऱ्याच्या हाताला केव्हा जखम होईल, याचा नेम नसतो. हात पूर्ण पसरून स्वतःभोवती फिरवला असता जेवढे वर्तुळ होईल, तेवढ्यात दुसरे कोणी नसावे, आणि पाते नेहमी अंगापासून दूर जाईल असे चालवावे. चाकू दुसऱ्याच्या हाती देताना तो मिटून द्यावा. जवळ वडीलधारे माणूस असले, तर उत्तमच. हे नियम साव्हॉयच्या मुलांना त्यांचे आजोबा शिकवतात. आपल्याकडे कोयता हाती देण्यापूर्वी शेतकरी आपल्या मुलाला शिकवतो, ते याहून फारसे वेगळे नसते.

पाते फांदीवर तिरके टेकवून पुढे सरकवले की साल पापुद्र्यासारखी निघते, आणि आतील पांढऱ्या लाकडाचे लांब, वेटोळे होणारे छिलके सुटू लागतात. येथे चाकूचा पहिला गुण कळतो. आठ नंबरचे पाते जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड असते, आणि पाठीकडून धारेकडे ते आणखी निमुळते होत जाते. याच किमतीला बाजारात जाड, काळ्या पात्याचे, सैनिकी थाटाचे चाकूही मिळतात. पाहताक्षणी ते फार बलवान वाटतात. परंतु जाड पाते लाकडात शिरले की ते पाचरीसारखे वागते. ते कापण्याऐवजी फाकवू लागते, हाताला जोर करावा लागतो, आणि जोर केला की हात घसरतो. पातळ पात्याला जोर लागत नाही. जे बळ हाताने लावावयाचे, ते सगळे धारेच्या केसाएवढ्या रेषेवर एकवटते आणि लाकूड निमूटपणे वाट देते. बलवान दिसणे आणि कामाला येणे या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकत्र नांदतातच असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे; कारण त्यात बोटे गुंतलेली आहेत. मिटणाऱ्या चाकूचे टोक कशात तरी रुतले आणि हाताने पुढे रेटले, तर पाते उलट फिरून मिटू पाहते. त्याच्या वाटेत त्या वेळी नेमकी धरणाऱ्याचीच बोटे असतात. पहिली पासष्ट वर्षे या चाकूत पाते धरून ठेवण्याचे काम केवळ लाकडाच्या आणि खिळ्याच्या घट्टपणावर सोपवलेले होते. साव्हॉयमधील किती बोटांनी त्याची किंमत मोजली असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. 1955 साली जोसेफचा मुलगा मार्सेल याने यावर उपाय शोधला. मुठीच्या तोंडावरील पट्टीभोवती त्याने एक फिरते कडे बसवले. कड्याला एका जागी फट आहे. ती फट मुठीच्या खाचेसमोर आली की पाते मोकळेपणी मिटते. कडे थोडे फिरवले की फट बाजूला सरते, खाचेचे तोंड बंद होते, आणि पाते मिटू म्हटले तरी मिटत नाही. या कड्याला व्हिरोब्लॉक असे नाव आहे. 2000 सालापासून मिटलेले पातेही याच कड्याने अडवता येते, म्हणजे खिशात किंवा पिशवीत ते आपोआप उघडण्याची भीती नाही. सहा नंबरपासून पुढच्या सर्व चाकूंना हे कडे असते.

या कड्याची परीक्षा घेताना शहाणपणा हवा. पाते उघडून कडे फिरवावे, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्णपणे बाजूला घ्यावी, आणि पात्याची पाठ एखाद्या ओंडक्यावर टेकवून हळूहळू दाबावी. कडे जागचे हलले नाही, पाते मिटू लागले नाही, म्हणजे झाले. काही हौशी मंडळी पात्याची पाठ दगडावर दणादण आपटतात. काही जण पाते लाकडात रोवून त्यावर दुसऱ्या दांडक्याचे घाव घालतात आणि ओंडका फोडू पाहतात. मग खिळा ढिला झाला, मूठ चिरली, की चाकू टाकाऊ म्हणून मोकळे होतात! ही परीक्षा नव्हे, हा छळ आहे. ओंडका फोडण्यासाठी जोसेफच्या वडिलांनी कुऱ्हाडी घडवल्या होत्या. जो धडा शिकवलेलाच नाही, त्यावर प्रश्न घालून मुलाला नापास करणाऱ्या परीक्षकासारखेच हे वर्तन म्हटले पाहिजे.

दुपारी भूक लागते. राय नावाच्या धान्याची काळसर, जाड पाठीची भाकरवजा पावरोटी, चीजचा एक तुकडा, एक टोमॅटो आणि एक सफरचंद, असा डोंगरातला बेत असतो. चाकूच्या परीक्षेत टोमॅटोला मोठे महत्त्व आहे. त्याची साल गुळगुळीत आणि आतला गर मऊ; धार बोथट असली तर साल कापली न जाता दबते, आणि रसाचे शिंतोडे कपड्यांवर उडतात. तीक्ष्ण धार मात्र नुसती ठेवून ओढली की आत उतरते. म्हणून चतुर परीक्षक सकाळी एक टोमॅटो कापून पाहतो आणि दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी दुसरा. प्रश्न तोच, वेळ निराळी. आणि खरे उत्तर संध्याकाळचे.

सफरचंद कापल्यावर एक मौज दिसते. थोड्या वेळाने पात्याची चकाकी जाऊन त्यावर करडे-निळे डाग पडू लागतात. नवा मालक घाबरतो आणि चाकू खराब निघाला असे समजतो. आपल्याकडच्या गृहिणीला मात्र यात नवल वाटणार नाही. लोखंडी विळीवर कच्ची केळी किंवा कैरी चिरली की विळीचे पाते काळवंडते, हे ती नित्य पाहत आली आहे. या चाकूच्या मूळच्या पात्यात लोखंडाबरोबर मुख्यतः कार्बन असतो, सुमारे नऊ दशांश टक्का. फळांतील आम्ल त्या लोखंडावर चढाई करते, आणि फळात तुरट द्रव्य असले तर त्याच्याशी लोखंडाचा संयोग होऊन काळानिळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांच्यापासून लिहिण्याची शाई करीत, तीही याच न्यायाने. हिरड्यातले तुरट द्रव्य आणि हिराकसातले लोह मिळून काळी शाई होई. तेव्हा सफरचंद कापणाऱ्याच्या पात्यावर नकळत शाईच तयार होत असते म्हणा ना! हा काळा थर तांबूस गंजासारखा पोलाद खात नाही. उलट थोडेफार संरक्षणच करतो. गंज मात्र निराळा. पाते ओले ठेवून विसरले की दुसऱ्या दिवशी त्यावर तांबडे ठिपके उठतात, आणि वेळीच पुसले नाहीत तर ते खोल जातात.

ज्यांना ही काळजी नको, त्यांच्यासाठी क्रोमियम मिसळलेल्या, सहसा न गंजणाऱ्या पोलादाचे पातेही याच चाकूला मिळते. समुद्रकाठी किंवा कोकणासारख्या दमट हवेत तेच बरे. तथापि, जुन्या पोलादाला दगडावर चार हात फिरवले की धार परत येते, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि केवळ त्यासाठी रोज पुसण्याचे कष्ट घेणारी माणसे साव्हॉयमध्ये आजही आहेत.

आल्प्समध्ये उन्हाळ्यातील दुपार फसवी असते. निरभ्र आकाशात पाहता पाहता ढग जमतात आणि गडगडाटासह पावसाची सर कोसळते. खिसा भिजतो, खिशातला चाकूही भिजतो. पाऊस थांबल्यावर चाकू उघडावयास जावे, तर पाते हलतच नाही! नख दुखते, खोबणीतून सुटते, पाते मात्र जागचे ढळत नाही. असे का व्हावे? पावसाळ्यात आपल्या घरांची लाकडी दारे फुगतात आणि चौकटीत अडकून बसतात. नेमके तेच येथे झालेले असते. लाकूड पाणी पिते आणि फुगते; लांबीत जवळजवळ नाही, पण जाडीत चांगलेच. बीचचे लाकूड तर या बाबतीत विशेष हळवे. मुठीच्या खाचेच्या दोन्ही भिंती फुगून आत सरकतात आणि पात्याला चिमटीत धरतात.

या प्रश्नाला चाकू नापास होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या डोंगरात तो जन्मला, तेथे पावसाची वाण नाही. मग पावसात न उघडणारा चाकू काय कामाचा? चाकूच्या अभिमान्यांनी यावर कितीही कौतुकाचे पांघरूण घातले, तरी दोष तो दोषच. प्लॅस्टिकची मूठ फुगत नाही. अशा मुठीचे चाकू स्वस्तही असतात. पण त्याच पावसात, त्याच ओल्या हातात दोन्ही चाकू धरून पाहावे. गुळगुळीत प्लॅस्टिक माशासारखे सुळकन सटकते. रंधलेले लाकूड हाताला धरून राहते. जे लाकूड पाणी पिऊन फुगते, तेच हाताचा घाम आणि ओल थोडीफार शोषून घेऊन पकड देते. एकाच स्वभावाची ही दोन फळे आहेत, आणि त्यांतले एकच मागता येत नाही.

साव्हॉयच्या लोकांनी या अडचणीवर एक युक्ती काढली आहे. मिटलेला चाकू मुठीच्या पुढच्या अंगाला धरावयाचा आणि मुठीचे शेपटाकडील टोक दगडाच्या किंवा टेबलाच्या कडेवर टक्कन आपटावयाचे. मूठ एकदम थांबते, पात्याची गती मात्र क्षणभर शिल्लक राहते, आणि त्या हिसक्याने पाते खाचेतून जरासे वर डोकावते. मग ते चिमटीने ओढून काढता येते. धावती मोटार एकदम थांबली की आतले उतारू पुढे झुकतात, त्यातलाच हा प्रकार. या आपटण्याला तिकडे ‘साव्हॉयवाल्याचा ठोका’ असेच म्हणतात. परक्या माणसाने नखाशी झटापट चालवलेली पाहून म्हातारा गुराखी त्याच्या हातातून चाकू घेतो, एक ठोका देतो, आणि काही न बोलता परत करतो.

ठोक्याची वेळच येऊ नये म्हणून आधी करण्याचे उपायही आहेत. मूठ चांगली वाळवून तिला जवसाचे तेल पाजतात. एका दिवसाआड दोनतीन वेळा तेल लावले, की ते लाकडात मुरते, हवेने घट्ट होते, आणि पाण्याला आत शिरण्यास तितकीशी वाट उरत नाही. खाच फारच अरुंद असेल, तर तीत पॉलिशपेपराची घडी घालून आतल्या भिंती किंचित घासून घेतात. दुकानातून आणलेला चाकू अशा रीतीने आठवडाभरात आपल्या हाताने पुरा करावयाचा असतो. स्वस्ताईचा काही भाग मालकाने आपल्या श्रमाने भरावा, असा हा व्यवहार आहे, आणि तो ज्याला मंजूर नसेल त्याने हा चाकू घेऊ नये.

संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर परीक्षेचा शेवटचा भाग येतो. चाकू उघडून, खाचेत अडकलेले पावाचे कण काडीने काढून, पाते कोरडे पुसून, चुलीपासून थोड्या अंतरावर उघडाच ठेवावा. फार जवळ ठेवला तर लाकूड तडकते. मग राहिलेला टोमॅटो घ्यावा. दिवसभरात फांदी तासली, दोरी कापली, पाव आणि चीज चिरले. एवढे झाल्यावर सकाळसारखी सहजता धारेत नसते. साल प्रथम किंचित दबते आणि मग कापली जाते. साध्या पोलादाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. धार लावण्याच्या दगडावर पाते दोन्ही बाजूंनी सारख्याच तिरकेपणाने सातआठ वेळा ओढले, की तिसऱ्या टोमॅटोची साल पुन्हा नुसत्या भाराने उकलते.

लहान मुलांसाठी ओपिनेलच्या कारखान्यात सात नंबरचा एक निराळा चाकू करतात. त्याचे पाते आठ सेंटिमीटरांचे, कडे मोठ्यांच्या चाकूसारखेच, पण टोक गोल केलेले असते. धार मात्र खरीखुरी असते. मुलाच्या हाती बोथट चाकू द्यावा, म्हणजे भीती नाही, असे पुष्कळ पालकांना वाटते. ज्याने एकदा बोथट चाकूने सफरचंद कापण्याची खटपट केली आहे, त्याला यातील चूक सांगावी लागत नाही. बोथट पाते जोर मागते, जोर लावलेले पाते घसरते, आणि घसरलेले पाते कोठे जाईल ते कोणाच्याच हाती नसते.

1989 साली लारूस या प्रसिद्ध फ्रेंच शब्दकोशाने ‘ओपिनेल’ हा शब्द आपल्या पानांत दाखल करून घेतला. झव्हूदा वाडीतील एका लोहाराचे आडनाव अशा रीतीने भाषेतला एक शब्द होऊन बसले. साव्हॉयच्या शेतकऱ्यांच्या घरांतून अजूनही वापरातले फार जुने चाकू आढळतात. वर्षानुवर्षे दगडावर ओढून त्यांचे पाते निम्म्याने अरुंद झालेले असते, त्याचा रंग काळाभोर पडलेला असतो, आणि मुकुटाखालचा तो हात झिजून दिसेनासा झालेला असतो. भिंतीवरच्या खिळ्याला नाही, कपाटात नाही, तर तो मालकाच्या विजारीच्या खिशातच सापडतो. आणि ओलसर दिवशी जेवणाच्या वेळी टेबलाच्या कडेवर त्याचा एक ठोका ऐकू येतो.